दारावरची पाटी

मैत्रिणींनो, आज जे सांगणार आहे ते सांगायला जरा लाजच वाटते. पण सांगितल्याशिवाय चैनही पडायचं नाही.

आमच्या दारावर सव्वा वर्ष एक पाटी होती. काळ्या ॲक्रिलिकवर सोनेरी अक्षरं. मध्ये माझं नाव, नावाआधी 'डॉ.', आणि खाली 'निसर्गोपचार तज्ज्ञ'. आमच्या ह्यांनी ती माझ्या वाढदिवसाला मोठ्या हौसेनं करून आणली होती. "अहो, 'डॉ.' कशाला?" मी म्हटलं. "का? सर्टिफिकेटवर लिहिलंय ना त्यांनी!" हे म्हणाले. ते खरंच होतं. समारंभात आमच्या प्रत्येकीच्या नावाआधी माइकवरून 'डॉक्टर' असंच पुकारलं होतं. मग मीही जास्त ताणलं नाही. खरं सांगू का, मनातून बरंच वाटलं होतं. पोस्टमन पाटी वाचायचा, दूधवाला वाचायचा, आणि आमच्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम दारातच गाठून बोलायच्या!

मी बी.ए. झालेली, एका प्राथमिक शाळेत अर्धवेळ शिकवणारी. सकाळी साडेसातला जायचं, अकराला परत. पगार चारचौघींत सांगण्यासारखा नाही. दोन मुलं, सासूबाई, ह्यांची नोकरी, आला-गेला. तुमच्यातल्या पुष्कळजणींचं असंच असेल. मुलं जरा मोठी झाली की दुपारी तीन वाजता एकदम वाटायला लागतं, आपलं म्हणून काहीतरी करायला हवं. शिवण करून झालं, मसाले करून झाले. आणि निसर्गोपचाराची तर मला मनापासून आवड होती. लग्नानंतर दहा वर्षं पित्तानं छळलं होतं मला. शेवटी एका सुट्टीत उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात राहून आले. गांधीजींनी मार्च १९४६ मध्ये सुरू केलेला आश्रम तो. वेळेवर साधं जेवण, पोटावर मातीची पट्टी, रात्री लवकर झोप. आठच दिवसांत अशी काही हलकी झाले की बस्स! तेव्हा निसर्गोपचाराला नावं ठेवायला मी आज बसलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर अशा वेळी ती जाहिरात आली. 'गृहिणींनो, घरबसल्या डॉक्टर व्हा.' सहा महिने, दर रविवारी वर्ग, फी २८,००० रुपये. खाली ठळक अक्षरांत 'शासनमान्य', 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त', 'आय.एस.ओ. प्रमाणित', आणि एक लांबलचक नोंदणी क्रमांक. तो क्रमांक पाहून माझी खात्रीच पटली. १५,००० भिशीचे निघाले, बाकीचे ह्यांनी दिले.

वर्ग मजेचे असायचे. शिकवणारे गृहस्थ बोलायला गोड. पंचमहाभूतं, मातीची पट्टी, कटिस्नान, पादस्नान, एनिमा, उपवास, रसाहार, सगळं शिकवलं. शरीररचना मात्र दोन रविवारांत संपली. आणि सहा महिन्यांत रोगी म्हणून आम्ही एकही पाहिला नाही. एकमेकींच्याच पोटांवर पट्ट्या ठेवायचो, गुदगुल्या झाल्या की हसायचो, आणि मग डबे उघडायचो. शेवटी भाड्याचे काळे झगे घालून पदवीदान झालं. माझी टोपी अंबाड्यावर बसेना, म्हणून फोटोत मी ती हातानं धरलेली आहे.

पाटी लागल्यावर बायका यायला लागल्या. बद्धकोष्ठ, केस गळणं, अंगावरून जाणं, मुलांचं न जेवणं. मी सांगायची ते काही वाईट नव्हतं. पाणी प्या, कोशिंबीर खा, मैदा सोडा, लवकर झोपा. कुणी पन्नास रुपये ठेवायचं, कुणी पेरू आणून द्यायचं.

मग आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या.

काकूंचं वय बासष्ट, मधुमेह दहा-बारा वर्षांचा. म्हणाल्या, "पायाला सारख्या मुंग्या येतात गं. कधी तर पाय आपले नाहीतच असं वाटतं. तू एवढी शिकलीस, सांग की काहीतरी." मी वही उघडली. पाय दुखणं, थकवा, मुंग्या यांसाठी गरम पादस्नान, वीस मिनिटं, डोक्यावर ओला रुमाल. तसं सांगितलं. आहारही लिहून दिला, कारल्याचा रस, मेथ्या वगैरे. आणि म्हटलं, "असं नीट केलंत तर हळूहळू गोळ्याही कमी होतील." गोळ्या बंद करा असं मी म्हटलं नव्हतं. पण चालू ठेवा असंही म्हटलं नव्हतं. काकूंनी काय ऐकलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

बारा दिवस त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत. आणि रोज रात्री बादलीत पाय. त्यांच्या पायांची जाणीवच कमी झालेली, त्यामुळे पाणी किती कढत आहे ते पायांना कळत नव्हतं. डाव्या करंगळीखाली फोड आला, फुटला, चिघळला. दुखतच नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मोज्याला वास येऊ लागला तेव्हा त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं. ती मुलगी नर्स आहे. सतरा दिवस काकू दवाखान्यात होत्या. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

मी भेटायला गेले होते, डब्यात मऊ भात घेऊन. व्हरांड्यात ती भेटली. ओरडली नाही की काही नाही. ओरडली असती तर परवडलं असतं! शांतपणे म्हणाली, "वहिनी, मधुमेहात पाय बधिर झाले असतील तर गरम पाण्यात ठेवायचे नाहीत, हे तुम्हाला शिकवलं नव्हतं?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मग काय शिकवलं? आणि तुमची नोंदणी कुठल्या परिषदेत आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "नंबर आहे ना सर्टिफिकेटवर."

"तो नंबर कुणाचा आहे ते बघा एकदा," एवढं बोलून ती आत गेली.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी भिंतीवरची फ्रेम काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून, चष्मा लावून पहिल्यांदा ते सर्टिफिकेट नीट वाचलं. साडी घेताना आपण काठ उलटून बघतो, पदर उजेडात धरतो, दुकानदाराला दहा प्रश्न विचारतो. २८,००० रुपयांचा कागद मात्र मी कधी वाचलाच नव्हता. पुढच्या रविवारी माझा मामेभाऊ वकील आहे, त्याला बोलावलं. त्यानं एकेका शब्दावर बोट ठेवून जे सांगितलं ते तुम्हाला सांगते, कारण अशी सर्टिफिकेटं पुष्कळ घरांत फ्रेम करून लावलेली असतील.

आधी तो नंबर. तो निघाला संस्थेच्या नोंदणीचा. १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आहे, आणि आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. सात-आठ माणसं एकत्र आली, घटना लिहिली, फी भरली की संस्था नोंदवली जाते. आपलं महिला मंडळ, भजनी मंडळ, गणेशोत्सवाचं मंडळही त्यातच नोंदवलेलं असतं! अमुक नावाची संस्था अस्तित्वात आहे, एवढाच त्या नोंदणीचा अर्थ. ती संस्था काय शिकवते, बरोबर शिकवते की चूक, तिच्या कागदावर कुणी रोगी तपासावा की नाही, याच्याशी त्या नोंदणीचा काडीचा संबंध नाही. "ताई," भाऊ म्हणाला, "या नंबरावर तू डॉक्टर होत असशील, तर आपल्या गल्लीतलं गणपती मंडळ मेडिकल कॉलेज आहे." ह्यांना हसू आलं. मला नाही आलं.

मग 'आय.एस.ओ.'. जिनिव्हाला एक संघटना आहे, ती कामकाजाची मानकं ठरवते. ती स्वतः कुणाला प्रमाणपत्रं देत नाही. ती देणाऱ्या खासगी कंपन्या वेगळ्या असतात. आणि ९००१ हा जो आकडा सगळीकडे दिसतो, तो व्यवस्थापनाच्या पद्धतीबद्दलचा आहे. कागदपत्रं नीट ठेवता का, तक्रारींची नोंद घेता का, अशा गोष्टी. बिस्किटांच्या कारखान्यालाही तेच मिळतं. बिस्किटं पौष्टिक आहेत की नाहीत, हे त्यात येत नाही.

'आंतरराष्ट्रीय मान्यता' म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा मंडळाचं बोधचिन्ह छापलेलं होतं. यात सरसकट सगळंच खोटं असतं असं नाही हं. योगाच्या क्षेत्रात अमेरिकेतल्या 'योगा अलायन्स'चं नाव पुष्कळ ऐकू येतं, दोनशे तासांचे वर्ग वगैरे. ती खासगी संस्था आहे आणि शाळांची, शिक्षकांची यादी ठेवते. परदेशी शिष्यांना शिकवायचं असेल तर त्या यादीचा उपयोग होतो. पण ती सरकारी मान्यता नव्हे आणि रोगी तपासायची परवानगी तर मुळीच नव्हे.

राहिला तो 'शासनमान्य'. आमच्या कागदावर कुठल्या शासनानं, कुठल्या खात्यानं, कुठल्या आदेशानं, कुठल्या तारखेला मान्य केलं, याचा एकही शब्द नव्हता. भाऊ म्हणाला, मान्यता खरी असली की तिला आई-बाप असतात, जन्मतारीख असते. मी तो शब्द चारदा वाचला. किराणा दुकानावरच्या पाटीतही तो असतो आणि आपण काही विचारत नाही.

आता खऱ्या डॉक्टरीची वाट कशी असते, तेही त्यानं समजावून दिलं. पदवी द्यायची कुणी, हे १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यात, बाविसाव्या कलमात आहे. कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ किंवा तसा अधिकार दिलेली संस्था, यांनीच. 'विद्यापीठ' हा शब्दसुद्धा कुणालाही आपल्या नावात घालता येत नाही. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. त्यानंतर अभ्यासक्रमावर देखरेख कुणाची? आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि लडाखकडची सोवा-रिग्पा यांच्यासाठी २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय आयोग नेमला आहे. होमिओपॅथीचा आयोग वेगळा, तोही २०२० च्याच कायद्याचा. आणि तिसरी पायरी म्हणजे राज्याच्या परिषदेत त्या माणसाची स्वतःच्या नावानं नोंदणी. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये होते. नर्सबाईंनी विचारलेली नोंदणी ती ही! शाळेच्या भाषेत सांगायचं तर पुस्तक वेगळं, परीक्षा वेगळी आणि नोकरीची ऑर्डर वेगळी. मी पुस्तकाचं कव्हर घेऊन वर्गावर उभी राहिले होते.

"मग निसर्गोपचाराचा आयोग कुठला?" मी विचारलं. इथेच खरी मेख आहे, मैत्रिणींनो. २०२० च्या त्या कायद्यात निसर्गोपचार आलेला नाही. केंद्राच्या आयुष मंत्रालयात योग आणि निसर्गोपचार आहेत, नावातला 'वाय' तोच. पण आयुर्वेदाला जसा देशभराचा एक आयोग आहे, तसा त्यांना त्या कायद्यानं दिलेला नाही. कर्नाटकानं आपल्या १९६१ च्या नोंदणी कायद्याच्या नावातच निसर्गोपचार घातलेला आहे. प्रत्येक राज्यात असं नाही. आणि जिथे कुंपण नीट नाही तिथून कुणीही आत शिरतं. 'अखिल भारतीय' नाव लावायचं, 'परिषद' म्हणायचं, 'बोर्ड' म्हणायचं, आणि रविवारी वर्ग सुरू!

खरा निसर्गोपचाराचा अभ्यासक्रम मात्र आहे, आणि तो काही घरबसल्या नाही. बी.एन.वाय.एस. म्हणतात त्याला. बारावी सायन्स हवं, साडेचार वर्षं शिकायचं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. कर्नाटकात उजिरेला १९८९ पासून असं कॉलेज आहे. त्यांना शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र सगळं शिकावं लागतं. बधिर पाय गरम पाण्यात ठेवायचे नाहीत, हे तिथल्या मुलांना नक्की माहीत असतं. मी दोन रविवारांत शरीररचना संपवली होती. 'डॉक्टर' शब्दाबद्दल तर केंद्राच्या आरोग्य खात्यानं नोव्हेंबर २००३ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे की मान्यता नसलेल्या पर्यायी पद्धतींच्या पदव्या-पदविका कुणाला देऊ देऊ नका, आणि 'डॉक्टर' हे बिरुद मान्य पद्धतींच्या व्यावसायिकांनीच लावावं. आमच्या पदवीदानाच्या कितीतरी आधीची गोष्ट ही.

तुम्ही म्हणाल, गांधीजी तरी कुठे डॉक्टर होते? मलाही सुचलं होतं ते, आणि भावाशी मी त्यावरून भांडलेसुद्धा. कूने आणि जुस्ट या जर्मन लेखकांची पुस्तकं वाचून त्यांनी पाण्याचे आणि मातीचे प्रयोग केले, ते पहिल्यांदा स्वतःच्याच पोटावर. मुलाला, मणिलालला, विषमज्वर झाला तेव्हा कटिस्नानं आणि ओल्या चादरीचे उपचार केले. पण ते हिमतीनं लिहिताना आपली घालमेल त्यांनी लपवलेली नाही. मुलगा देवाच्या कृपेनं बरा झाला, पाण्यानं झाला की पथ्यानं, हे कोण सांगणार, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आमच्या वर्गातल्या सरांना अशी शंका एकदाही आली नाही! आणि गांधीजींनी दारावर पाटी लावली नव्हती.

पुढे पुण्याला भाच्याच्या मुंजीला गेलो तेव्हा मी ह्यांना घेऊन स्टेशनजवळच्या बापू भवनात जाऊन आले. डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं ते, गांधीजी तिथे मुक्कामाला असत. १९८६ पासून तिथे केंद्र सरकारची राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. तिथे मला एक गोष्ट फार आवडली. ही संस्था एक वर्षाचा पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम चालवत आली आहे आणि त्याचं नाव काय, तर 'ट्रीटमेंट असिस्टंट'. म्हणजे उपचार सहायक. डॉक्टर सांगतील ती पट्टी ठेवायची, तो मसाज करायचा, ते स्नान द्यायचं. सरकारी संस्था वर्षभर रोज शिकवून 'सहायक' म्हणते, आणि आमच्याकडे चोवीस रविवारांत 'डॉक्टर'! रिक्षात बसल्यावर हे म्हणाले, "पाटी काढू या." मी म्हटलं, "मी काढलीय. मुंजीला निघायच्या आदल्या दिवशीच." ह्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

आता हे सगळं तुम्हाला का सांगते? तर गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या जावेचा फोन आला. पुतणी बारावी झाली होती. "ताई, नॅचरोपॅथी डॉक्टरचा कोर्स आहे, दोन वर्षांचा. घरीच अभ्यास, वर्षातून दहा दिवस कॅम्प. १,४०,००० भरायचेत. तुम्ही त्यातल्या, म्हणून म्हटलं आधी विचारावं." तुम्ही त्यातल्या! मी म्हटलं, पैसे भरू नकोस, मी येते.

जावेच्या घरी बसून आम्ही त्या संस्थेला फोन लावला. बोलायला एक मुलगी होती, फार अदबीनं बोलत होती बिचारी. मी विचारलं, हा कोर्स कुठल्या विद्यापीठाचा? म्हणाली, आमचं स्वतःचं बोर्ड आहे. बोर्ड कुठल्या कायद्याखाली? सोसायटी ॲक्ट, मॅडम, भारत सरकार रजिस्टर्ड. (मला व्हरांड्यातली मी आठवले.) कोर्स झाल्यावर मुलीचं नाव आपल्या राज्यातल्या कुठल्या परिषदेच्या रजिस्टरमध्ये जाईल? आमच्याच बोर्डाचं रजिस्टर आहे, मॅडम, आणि आमचं ओळखपत्रही मिळतं. तिला रोगी तपासता येतील का? हो, हो, स्वतःचं क्लिनिक टाकता येईल. हे तुम्ही लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्याल? यावर ती थांबली. सरांना विचारून सांगते, म्हणाली. अजून विचारते आहे.

तुम्हीही असंच विचारा, आणि पैसे भरायच्या आधी विचारा. मी भरल्यावर एक वर्षानं विचारलं. आणखी एक करा. ज्या विद्यापीठाचं किंवा परिषदेचं नाव ते सांगतील, त्याला आपण होऊन वेगळं पत्र लिहा, नाहीतर मुलांना सांगून त्यांच्या अधिकृत यादीत बघून घ्या. संस्थेनं हातात दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. झेरॉक्स मीही पाहिली होती. रोगी बघायला मिळणार का, कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या देखरेखीखाली, हेही विचारा. आणि यादी ताजी बघा, कारण या गोष्टी बदलतात. ॲक्युपंक्चरला पूर्वी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नव्हता, आता महाराष्ट्रात आहे.

पण सगळ्याच जणींना डॉक्टर कुठे व्हायचं असतं? मलाही मुळात नव्हतं व्हायचं. मला चार बायकांना चांगलं खायला, वेळेवर झोपायला आणि थोडं हातपाय हलवायला शिकवायचं होतं. त्याला वेगळ्या वाटा आहेत आणि त्या सरळ आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका आहे, माझ्यासारख्या नोकरी-घर सांभाळणाऱ्या पुष्कळजणी ती करतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामात तर स्वामी कुवलयानंदांच्या काळापासून, म्हणजे १९२४ पासून योगाचं काम चालू आहे. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. त्यात शिक्षकाच्या पायऱ्या वेगळ्या आणि योगोपचाराच्या वेगळ्या ठेवल्या आहेत, हे मला महत्त्वाचं वाटलं. शिकवणं म्हणजे शिकवणं, उपचार म्हणजे उपचार. मी सध्या त्यातल्या पहिल्या पायरीची तयारी करते आहे. या वयात पाठांतर होत नाही. लेक प्रश्न विचारते आणि चुकलं की डोळे मोठे करते, अगदी मी वर्गात करते तशी!

पुतणीनं यंदा पुन्हा नीटची तयारी घेतली आहे. आयुर्वेदाला मिळालं तर बघू, नाहीतर बी.एस्सी. जाऊ अधूनमधून कुरकुरते की त्या कोर्समध्ये दोन वर्षांत मोकळी झाली असती. मी काही बोलत नाही, व्हरांड्यातली गोष्ट मात्र तिला एकदा सांगितली आहे.

आणि माझ्या वर्गाचा परवा मेसेज आला. नोंदणीचं नूतनीकरण करा, १,५०० रुपये, न केल्यास 'डॉ.' हे पद आपोआप रद्द होईल. ह्यांनी तो जेवताना मोठ्यांदा वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे दूध नासतं तसं नासतं होय गं?"

काकू आता बऱ्या आहेत. गोळ्या वेळेवर घेतात. माझ्यावर त्या कधी रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागतं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की तळपाय रोज बघायचे, लहानसा ओरखडाही चालायचा नाही, आणि पायावर घ्यायचं पाणी कोमटच हवं, ते दुसऱ्या कुणीतरी कोपर बुडवून बघायचं. मुलीची रात्रपाळी असते तेव्हा मी वर जाते. काकू पलंगावर बसून पाय पुढे करतात. आरशात त्यांना नीट दिसत नाही, म्हणून मी बोटांच्या बेचक्या एकेक करून बघते. डाव्या पायाची चार बोटं, उजव्याची पाच. मग बादलीत कोपर बुडवते.

"कोमट आहे ना गं?" काकू विचारतात.

"कोमट आहे," मी म्हणते.